प्रेक्षकांचा गुणनिर्णय : कबड्डीच्या निमित्ताने

ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील मैदानांवर कबड्डीचा सामना संपला, की प्रेक्षकांत प्रत्येक खेळाडूच्या कामगिरीचा निवाडा सुरू होतो. हीही एक समीक्षाच होय. २०१४ साली सुरू झालेल्या प्रो कबड्डी स्पर्धेने चढाई व पकड यांचे वैयक्तिक गुण घरोघरी पोहोचविले आणि या निवाड्यास आकड्यांचा आधार दिला. तथापि तो अपुरा आहे. संघाची आघाडी राखण्यासाठी निदान रेषा ओलांडून रिक्तहस्ते परतणारा चढाईपटू ३० सेकंदांपर्यंतचा वेळ मिळवून देतो. त्याच्या नावे गुण मात्र शून्य. साखळी पकडीत दोघांचे हात गुंतलेले असतात. गुण एकाच्याच नावे पडतो. गुणपत्रकात न उतरणारे हे काम ओळखणे, हेच जाणत्या प्रेक्षकाचे कार्य होय. ते सोडून त्याने केवळ गुणांची बेरीज केली, तर त्याच्या मताची आवश्यकताच उरत नाही.