बर्फावरील खेळ आणि पऱ्हाटीवरचें भरीत

एका क्रीडाप्रसंगाचें परीक्षण वाङ्मयविषयक मासिकांत कशाला, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येणें साहजिक आहे. त्यावर माझें उत्तर एवढेंच कीं, ज्या खेळाविषयीं मी लिहीत आहें त्यांतलें मला कांहींच कळत नव्हतें. मीं तो केवळ प्रेक्षक म्हणून पाहिला, आणि प्रेक्षक म्हटला कीं रसचर्चा आलीच. पाहणाऱ्यानें स्वतःला किती विसरावें आणि किती लक्षांत ठेवावें, हा आपल्या साहित्यशास्त्रांतला जुना वाद बोदवडच्या माझ्या माडीवर एका पहाटे अगदीं नव्या वेषांत माझ्यापुढें उभा राहिला.

प्रसंग असा. २०२३ च्या ऑक्टोबरच्या २९ तारखेस कॅनडांतील एडमंटन येथें, कॉमनवेल्थ स्टेडियमच्या उघड्या क्रीडांगणावर, एडमंटन ऑयलर्स व कॅलगरी फ्लेम्स या संघांचा बर्फावरील हॉकीचा सामना झाला. माझी कन्या त्या शहरीं संसार करते. तिचा आठ वर्षांचा मुलगा पंचावन्न हजार प्रेक्षकांत बसून तो पाहणार होता. आमच्याकडे तेव्हां ३० तारखेची पहाट, साडेचारचा सुमार. कोजागिरी होऊन दोनच रात्री झाल्या होत्या, आणि त्या रात्रीं खंडग्रास चंद्रग्रहण आल्यामुळें आटीव दुधाचा बेतहि अर्धामुर्धाच राहिला होता. नातवाशीं माझें टेलिफोनवरचें बोलणें ‘जेवलास का’ आणि ‘शाळा कशी आहे’ यांपलीकडे फारसें जात नाहीं. त्याचें मराठी तोकडें, आणि माझें बर्फाचें ज्ञान त्याहून तोकडें. तो जें पाहतो तें आपणहि एकदां पाहावें, म्हणजे बोलावयास कांहीं विषय होईल, एवढ्याच लोभानें मी उठून बसलों.

परंतु पडद्यावर सामन्याऐवजीं एक वाक्य उमटलें: हें प्रक्षेपण आपल्या प्रदेशांत उपलब्ध नाहीं. प्रक्षेपणाचे हक्क प्रदेशवार विकलेले असतात, आणि दारावरचा पहारेकरी येणाऱ्याचा पत्ता पाहूनच त्यास आंत सोडतो. अशा वेळीं उपयोगी पडणारी व्हीपीएन नांवाची युक्ति एका विद्यार्थ्यानें मला पूर्वींच शिकवून ठेविली होती. तिचें स्वरूप असें सांगतां येईल. आपलें पत्र मोहोरबंद पाकिटांत घालून परगांवच्या मध्यस्थाकडे पाठवावें. त्यानें तें आपल्या गांवच्या टपालपेटींत टाकावें. आणि उत्तर आलें कीं तें पुन्हां मोहोरबंद करून आपल्याकडे धाडावें. पत्र घेणाऱ्यास शिक्का दिसतो तो मध्यस्थाच्या गांवचा. कचेरीबाहेरच्या माणसास कचेरीचीं कागदपत्रें निर्धास्तपणें पाहतां यावींत, हा या सोयीचा एक सरळ उपयोग. आपल्या सरकारनेंहि २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानें अशा मध्यस्थांनीं ग्राहकांची नोंद पांच वर्षें ठेवावी असें फर्माविलें. कायद्याची बाजू मी वकिलांवर सोपवितों. मीं यादींतून टोरोंटो हें नांव निवडलें, आणि क्षणार्धांत यंत्राच्या लेखीं मी बोदवडचा राहिलों नाहीं.

पडद्यावर दोनशें फूट लांब आणि पंचाऐंशीं फूट रुंद असा बर्फाचा पट दिसूं लागला. प्रत्येक बाजूस गोलरक्षक धरून सहा गडी. पायांत पोलादी पात्यांचे जोडे. आणि चेंडूऐवजीं तीन इंच व्यासाची, इंचभर जाडीची काळी रबरी चकती. ती फार उसळूं नये म्हणून खेळापूर्वीं गोठवून ठेवितात. वीस वीस मिनिटांचे तीन भाग असतात. पाऊण मिनिटांत गडी दमतो, आणि खेळ चालू असतांनाच कठडा ओलांडून दुसरा त्याच्या जागीं उतरतो. प्रथम मला चकती दिसेचना. दिसे ती माणसांची नुसती धांदल. पुढें ध्यानांत आलें कीं, चकतीचा पाठलाग करूंच नये. गडी कोणत्या मोकळ्या जागेकडे वळत आहेत तें पाहावें, म्हणजे चकती आपोआप तेथें येते. चांगली लघुकथा वाचतांना घटनेपेक्षां पात्राच्या कलाकडे लक्ष ठेवावें लागतें, तसाच हा प्रकार.

चित्रणाच्या गुणदोषांविषयीं थोडें लिहितों. उंचावरून दूरचें दृश्य दाखविणारा कॅमेरा हाच या नाट्याचा खरा सूत्रधार. तो स्थिर राहिला कीं खेळाची आकृति उमगते. पण गोल होतांच तोच क्षण चार बाजूंनीं पुन्हां पुन्हां दाखविण्याचा जो सोस दिसतो, तो एकाच श्लोकाचे चार अन्वय लावून श्लोक मारणाऱ्या टीकाकाराची आठवण करून देतो. बर्फावर पात्यांची होणारी करकर ही साऱ्या प्रक्षेपणांतली सर्वांत सुंदर गोष्ट. परंतु वर्णनकार ती क्षणभरहि एकटी ऐकूं देत नाहींत. या व्यावसायिक संघटनेच्या प्रक्षेपणांत २०२२ पासून आणखी एक चमत्कार शिरला आहे: कठड्यांवरील जाहिराती पडद्यापुरत्या पुसून त्यांच्या जागीं दुसऱ्याच रंगविल्या जातात. म्हणजे क्रीडांगणांत बसलेल्यास दिसणारा कठडा निराळा, आणि घरीं बसलेल्यास दिसणारा निराळा. पत्ता खोटा सांगणारा मी एकटाच नव्हतों, हा विचार मला थोडा सुखावून गेला, हें कबूल केलें पाहिजे.

थोड्या वेळानें टेलिफोनवर नातवाचा एक शब्दाचा निरोप आला: ‘गोल!’ पडद्यावर मात्र अजून कांहींच घडलें नव्हतें. ज्याला आपण थेट प्रक्षेपण म्हणतों तें इतक्या मध्यस्थांच्या हातांतून येतें कीं, माझ्यापर्यंत पोहोंचावयास त्यास अर्धें मिनिट अधिक लागत होतें. शेवटचें पान कोणी आधींच वाचून दाखवावें तसा माझा विरस झाला. पण मग नवलच घडलें. आतां ‘होईल कीं नाहीं’ हा प्रश्न उरला नसल्यामुळें ‘कसा होतो’ एवढेंच पाहावयाचें राहिलें, आणि चकती आंत ढकलणाऱ्याहून दोन गड्यांमागें ज्यानें ती शांतपणें सोडून दिली होती त्याचें कौशल्य मला प्रथमच दिसलें. आपल्याकडे सीतास्वयंवर ऐकावयास बसणाऱ्या कोणत्या श्रोत्यास धनुष्य कोण मोडणार तें ठाऊक नसतें? तरीहि कीर्तन रंगतें. खेळांत मात्र फल अनिश्चित असणें हाच प्राण मानितात. मला वाटतें, अनिश्चिततेनें उत्कंठा वाढते, पण रसाची जोपासना ज्ञातपणानेंच होते.

इतक्यांत चहा घेऊन आलेल्या आमच्या सौभाग्यवतींनीं पडद्याकडे पाहून विचारलें, “अहो, एवढ्या थंडींत हे उघड्यावर कां खेळतात? तिकडे छपराखालीं जागा नाहीं का?” सबंध सामन्यावर याहून मार्मिक टीका मीं ऐकली नाहीं. जागा आहे, आणि ती पुष्कळ जुनी आहे. छपराखालचा पहिला रीतसर सामना माँट्रियलच्या व्हिक्टोरिया स्केटिंग रिंकमध्यें ३ मार्च १८७५ रोजीं झाला. त्यापूर्वीं हा खेळ गोठलेल्या तळ्यांवरचा व नद्यांवरचा. शतकाहून अधिक काळ आंत खेळल्यानंतर तो पुन्हां बाहेर आला. १९९१ च्या सप्टेंबरांत लास व्हेगासला एका हॉटेलच्या आवारांत असा सामना झाला, तेव्हां हवेंत चांगलाच उकाडा होता आणि बर्फावर किडे येऊन पडत होते. उलट २२ नोव्हेंबर २००३ रोजीं याच एडमंटनांत सत्तावन्न हजारांवर लोक शून्याखालीं अठरा अंशांच्या आसपासच्या थंडींत बसून राहिले, आणि माँट्रियलच्या गोलरक्षकानें शिरस्त्राणावर लोकरी टोपी चढविली. तेथलें बर्फहि तळ्याचें नव्हे. नळ्यांतून शीतद्रव्य खेळवून तें मैदानावर तयार करावें लागतें. म्हणजे उघड्यावरचा हा सामना हें तळ्याचें सोंगच.

मीं सौभाग्यवतींना म्हटलें, “घरांत गॅस असतांना आपण हिंवाळ्यांत शेतावर जाऊन भरीत कां करतों?” त्या हंसल्या. आमच्या खानदेशांत वांगें भाजावयाचें तें पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या काड्यांच्या, जाळावर. धूर डोळ्यांत जातो, कळण्याची पुरी हातावर घेऊन मातींत बसावें लागतें. तरी त्याच वांग्याला घरीं ती चव येत नाहीं. चव वांग्यांत थोडी आणि बापजाद्यांच्या शेतांत फार. एडमंटनच्या त्या प्रेक्षकांस जें हवें होतें तें याच जातीचें.

येथें मुख्य प्रश्न येतो. सामना तळ्याचें सोंग करतो. मी टोरोंटोकराचें सोंग करतों. दोन्हीं सोंगें सारखींच काय? मला तसें वाटत नाहीं. रंगभूमीवरचा राजा राजा नव्हे, हें नटास ठाऊक असतें आणि प्रेक्षकासहि. दोघांच्या संमतीनें झालेला आभास ही कला. माझा आभास मला एकट्यालाच ठाऊक होता. दुसऱ्या पक्षाची त्यास संमति नव्हती. न. चिं. केळकरांनीं रसानुभवास सविकल्प समाधि म्हटलें, त्यांत ‘सविकल्प’ हा शब्द महत्त्वाचा. दुसऱ्याच्या भूमिकेंत शिरावें, पण स्वतःचें भान सुटूं देऊं नये. यंत्रास मीं सांगितलें तें नेमकें याच्या उलट होतें: तेथें मीं स्वतःचें ठिकाण पुसून टाकिलें, आणि दुसऱ्याच्या भूमिकेंत मात्र शिरलों नाहीं. त्या भूमिकेंत जो थोडा प्रवेश मिळाला, तो पऱ्हाटीच्या आठवणीनें.

सामना ऑयलर्सनीं ५–२ असा जिंकला. नंतर टेलिफोन आला. नातवानें विचारलें, “आजोबा, तुम्ही कुठें बसून पाहिलें?” पडद्याच्या कोपऱ्यांत टोरोंटोचें नांव अजून झळकत होतें. मीं म्हटलें, “बोदवडला, माडीवर.” मग त्यास लोकरी टोपीची हकिकत सांगितली, ती त्यास ठाऊक नव्हती. त्यानें मला चकती कशी सोडावी तें सांगितलें. त्यास मराठी शब्द सुचेना, तेव्हां मी एकेक शब्द पुरवीत गेलों. वीस मिनिटें आम्ही बोललों. इतकें आम्ही पूर्वीं कधीं बोललों नव्हतों.

बाळ ज. पंडितांनीं आकाशवाणीवरून क्रिकेटचें धावतें वर्णन मराठींत केलें, तेव्हां ज्यांनीं तें मैदान कधीं पाहिलें नव्हतें अशा घरांतहि तो खेळ घरचा झाला, आणि त्यासाठीं कोणास आपला पत्ता लपवावा लागला नाहीं. बर्फावरच्या खेळालाहि असा कोणी वर्णनकार मिळावा, आणि हक्क विकणाऱ्यांनीं आमच्या गांवाचेंहि तिकीट काढून ठेवावें. तें मी आनंदानें विकत घेईन. तोंपर्यंत ती युक्ति पुन्हां वापरावी कीं नाहीं, याचा निर्णय मीं केला आहे. पुढच्या सामन्याचें वर्णन नातू मला टेलिफोनवरून सांगणार आहे, मराठींत. अर्धें मिनिट आधीं कळेल, हा त्यांतला जादा लाभ.