वरून दिसणारी वारी

उद्धव ठाकरे यांची आकाशातून टिपलेल्या छायाचित्रांची दोन पुस्तकं आम्ही परवा पुन्हा पाहिली. 2010 चं ‘महाराष्ट्र देशा’ आणि 2011 चं ‘पहावा विठ्ठल’. राजकारण बाजूला ठेवू, छायाचित्रांबद्दल बोलू. पहिलं पुस्तक आम्हाला पटतं. समुद्रातल्या किल्ल्याची तटबंदी खडकाच्या कडेकडेनं कशी वळत गेली, हे तटावर चालताना उमगत नाही. वरून एका नजरेत उमगतं.

वारीचं तसं होत नाही. वारी पायांची. दोन वारकरी भेटले की एकमेकांच्या पायांवर डोकं ठेवतात. आषाढातल्या चिखलानं भरलेला तो पाय वरून कुठला दिसायला? दिसते माणसांची रेघ, रिंगणाचं वर्तुळ. सुंदर आहे, नाही कशाला म्हणा! पण आपण नांदेडची माणसं. आपल्याकडे हेलिकॉप्टर येतं ते बहुधा हवाई पाहणीला. 2014 च्या गारपिटीत आडवा झालेला गहू ज्यानं बांधावर उभं राहून पाहिला, त्याला विचारा उंचीवरून काय सुटतं ते.

आणि गंमत बघा, वारकरीही कधी लांबूनच बघतो. राऊळात शिरता आलं नाही तर कळस पाहून परततो. पण तो खालून वर बघतो, आणि तोवर नाथांच्या पालखीबरोबर पैठणहून पंधरवड्याच्या वर चालून आलेला असतो.