पंचवीस संपादनांची अट

घाटकोपरच्या एखाद्या शिक्षिकेने २००८ साली मराठी विकिपीडियावर खारफुटीविषयी दहा वेळा भर घातली असेल, तर त्या मजकुराचे मालक कोण? त्या बाईच. आपल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे स्वामित्वहक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी करार लागतो (कलम १९). विकिपीडियाने हक्क मागितलाच नाही. मागितला तो केवळ परवाना.

हा ग्नू परवाना मुळात संगणकप्रणालींच्या माहितीपुस्तिकांसाठी बेतलेला. वर्गात एका पानाच्या प्रती वाटायच्या तरी परवान्याचा संपूर्ण मजकूर सोबत जोडावा लागे! १५ जून २००९ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सचा सुटसुटीत परवाना लागू झाला, हे शिक्षकांच्या दृष्टीने उत्तमच झाले.

पण संमती कोणाची घेतली? जुन्या परवान्यात ‘किंवा यापुढील कोणतीही आवृत्ती’ अशी मुभा होती. नोव्हेंबर २००८ मध्ये १.३ ही आवृत्ती काढून तीत या बदलापुरती पळवाट (दुसरा शब्द सुचत नाही) ठेवण्यात आली. मतदानही झाले, मात्र १५ मार्च २००९ पूर्वी किमान २५ संपादने केलेल्यांनाच मत. म्हणजे आपल्या बाई मालक खऱ्या, पण मतदार नव्हेत. मालकी संपादने मोजून ठरत नाही. मग मत का ठरावे?

लिनक्सच्या गाभ्याचे नेमके उलट. तेथे परवाना फक्त दुसऱ्या आवृत्तीचा आणि मालकी हजारो हातांत. २००७ मध्ये तिसरी आवृत्ती आली. तिच्याकडे जायचे तर प्रत्येक हक्कधारकाला विचारावे लागले असते. तोरवाल्ड्स यांना ती रुचलीही नव्हती. लिनक्स दुसरीवरच राहिले.