बनगरवाडीतल्या दोन भाषा

'शैली' हा शब्द आपण बहुतेक वेळा दागिन्याच्या अर्थाने वापरतो. अमुक लेखकाला शैली आहे, म्हणजे त्याच्या वाक्यांना झालर आहे, पानोपानी उपमांची आरास आहे, अशी आपली समजूत. कॉलेजात असताना माझीही तीच होती. फडक्यांची घोटीव वाक्ये आणि खांडेकरांच्या उपमा वहीत उतरवून घेण्याचे ते वय. त्यामुळे व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (1955) वाचून झाल्यावर मी मैत्रिणीला मोठ्या ऐटीत सांगितले, "गोष्ट चांगली आहे गं, पण याला शैली अशी काही नाही." हे मत बदलले ते कुणा समीक्षकाने नव्हे, माझ्या आत्याने.

1973 सालची दिवाळी. आत्या आटपाडीकडच्या एका खेड्यात दिलेली. भाऊबीजेला आली ती 1972 चा दुष्काळ भोगून. दुष्काळी कामावर खडी फोडून तिच्या तळहातांना घट्टे पडले होते. तिला वाचता येत नसे, पण ऐकण्याची हौस दांडगी. रात्री जेवणे उरकल्यावर, "आत्या, हे तुझ्या मुलखातलं पुस्तक," म्हणून मी वाचू लागले. एका गरीब धनगरापाशी एकच बैल असतो आणि दुसऱ्या बैलाच्या जागी त्याची बायको जू खांद्यावर घेते, तो प्रसंग आला. मी आवाजात कंप आणला. आत्याने हात वर करून मला थांबवले.

"अगं, तो मास्तर रडत न्हाई, मग तू कशापायी रडतीस? सरळ वाच की."

सरळ वाचले, आणि प्रथमच पुस्तक ऐकू आले. त्या बाईला लेखक बिचारी म्हणत नाही आणि थोरही म्हणत नाही. बैल, जू, खांदा, जमीन एवढेच आपल्यापुढे ठेवतो. मला गाळलेली जागा वाटली होती ती मुद्दाम मोकळी सोडलेली होती. माडगूळकर चित्रकारही होते, हे इथे आठवते. दोन-चार रेघांत माणूस उभा करायचा तर पाचवी रेघ आवरावी लागते.

या आवरण्याइतकीच जाणूनबुजून केलेली दुसरी निवड भाषेची आहे. कथा सांगणारा तरुण मास्तर शाळेच्या साध्या मराठीत सांगतो. धनगर मात्र माणदेशी बोलीत बोलतात. मास्तराचे 'नाही' आणि कारभाऱ्याचे 'न्हाई' एकाच पानावर शेजारी नांदतात. सगळे निवेदन बोलीत लिहिणे माडगूळकरांना काही अवघड नव्हते. ते त्याच मातीतले. पण तसे केले असते तर मास्तर गावचाच झाला असता, आणि तो तर उपरा आहे. गाव त्याला हळूहळू आपला म्हणू लागते, तरी त्याची जीभ वेगळीच राहते. हे अंतर लेखक कुठे समजावून सांगत बसत नाही. दोन भाषांमधल्या फटीतून ते आपले आपणच कळते. बोलीतला एखादा शब्द शहरी वाचकाला अडतो, हे खरे. अडू द्यावा. मास्तरालाही सुरुवातीला ते गाव असेच अडले असणार.

काही रसिक म्हणतात, माडगूळकरांची जादू बोलीची. बोली काढून घ्या, मग काय उरते? त्यांनी 'सत्तांतर' (1982) वाचावे. तिथे वानरांच्या टोळ्या आहेत, माणदेशी संवादांचा आधार नाही, आणि तरी दोन पानांत हात ओळखू येतो. तीच आखूड वाक्ये, तेच नजरेला दिसेल तेवढे सांगणे. मारामारी आणि मरण सांगतानाही आवाज चढत नाही. 1983 सालचा साहित्य अकादमी पुरस्कार त्या पुस्तकाला मिळाला.

एक तक्रार मात्र नोंदवते. अंजीपाशी ही आवरती लेखणी मला कोरडी वाटते. मास्तराच्या मनात तिच्याविषयी काय हालते, ते कळावेसे वाटते आणि तो पाठ फिरवतो. इथे संयम किती आणि संकोच किती, हे मला अजून ठरवता आलेले नाही. माझ्या नातीच्या मते तो नुसता भित्रा आहे. असो.

त्या दिवाळीत पुस्तक तीन रात्रींत संपले. शेवटी दुष्काळाने वाडी ओस पडते, मेंढरे घेऊन माणसे जगायला निघून जातात आणि मास्तरही गाव सोडतो. आत्या बराच वेळ वाती वळत बसली होती. मग तिने विचारले, "मागनं पाऊस पडला का? माणसं परत आली?"

मी म्हटले, "ते लिहिलेलं नाही, आत्या."

"कसं लिव्हंल?" ती म्हणाली. "तो तर निघून आला न्हवं?"