‘अलादीन’ : छुपा संदेश आणि उघडा संस्कार

डिस्ने कंपनीचा ‘अलादीन’ हा अ‍ॅनिमेशनपट १९९२ साली प्रदर्शित झाला. त्यावर दोन आक्षेप घेतले गेले आणि त्यांपैकी जो दुबळा होता तोच अधिक गाजला. राजवाड्याच्या सज्जातील प्रसंगात नायक काहीतरी पुटपुटतो. ते वाक्य किशोरवयीन मुलांना कपडे उतरवण्यास सांगणारे आहे, अशी आवई १९९५ साली अमेरिकेत उठली. ते बोलणे वाघाला हुसकावण्यासाठी आहे, असा खुलासा कंपनीने केला. पण आवई काही थांबली नाही.

गुप्त सूचनेने मनाचा ताबा घेता येतो, ही समजूत पसरली ती जेम्स व्हिकरी या बाजारसंशोधकाच्या १९५७ मधील दाव्यामुळे. पडद्यावर निमिषमात्र झळकणाऱ्या सूचनांनी पॉपकॉर्न व कोकाकोलाचा खप वाढला, असे त्याने जाहीर केले होते. आपल्याजवळची माहिती फारच तुटपुंजी होती, हे १९६२ साली त्यानेच मान्य केले. मुस्लिम समाजही या समजुतीपासून अलिप्त नाही. २००१ साली सौदी अरेबियाने पोकेमॉनवर बंदी घातली, तेव्हा खेळाचे जुगाराशी असलेले साम्य हा विचारार्ह मुद्दा होता. चर्चा मात्र पत्त्यांवरील चिन्हांत झायोनवादी खुणा शोधण्याचीच झाली.

दुसरा आक्षेप अमेरिकन-अरब अँटी-डिस्क्रिमिनेशन कमिटीचा होता. आरंभीच्या गीतात अरबांचा मुलूख कान कापणाऱ्यांचा म्हणून वर्णिला होता. १९९३ च्या व्हिडिओ आवृत्तीत ती ओळ बदलली. त्या मुलखाला रानटी म्हणणारा शब्द मात्र तसाच राहिला. तो गेला २०१९ च्या नव्या चित्रपटात. येथे छुपे असे काहीच नव्हते.

मानसशास्त्रातील अभिसंधान याच मार्गाने घडते. सुखद अनुभवाच्या जोडीला एखादी प्रतिमा वारंवार आली की दोहोंचा सांधा जुळतो. ‘अलादीन’मधील गाणी व विनोद खरोखरच उत्तम आहेत आणि अडचण नेमकी तीच आहे. नायक-नायिका अमेरिकन धाटणीचे इंग्रजी बोलतात. पहारेकरी व दुकानदार यांची नाके मोठी, उच्चार परके. रोझिना लिप्पी-ग्रीन यांनी १९९७ च्या ग्रंथात डिस्नेच्या २४ चित्रपटांतील ३७१ पात्रांची बोली तपासली. अमेरिकन इंग्रजी बोलणाऱ्यांत सुमारे २० टक्के पात्रे दुष्ट निघाली, परक्या ढबीने बोलणाऱ्यांत सुमारे ४० टक्के. हिंदीत आवाज बदलताना उच्चारांचा हा भेद तसाच उतरत नाही. आपल्या मुलांपर्यंत चेहरे मात्र जसेच्या तसे पोहोचतात.

बाजारातील प्रसंग विशेष तपासण्याजोगा आहे. राजकन्या भुकेल्या पोराला सफरचंद देते आणि दुकानदार तिचा हात तोडायला पाते उगारतो. इस्लामी न्यायशास्त्रात या शिक्षेला निसाबची, म्हणजे किमान मूल्याची, तसेच माल सुरक्षित जागी असण्याची अट आहे. निवाडा काझीचा असतो, दुकानदाराचा नव्हे. दुष्काळाच्या वर्षी हजरत उमर (रजि.) यांनी ही शिक्षा स्थगित ठेवली होती. चित्रपटात यातले काहीही नाही, आणि आठ वर्षांच्या मुलाला ते कळण्याचा मार्गही नाही. वर्गातील बिगरमुस्लिम मुलाच्या मनात या क्षणी शेजारच्या बाकावरील सोबत्याविषयी जे रुजते, त्याची चिंता पुटपुटलेल्या वाक्याहून मोठी आहे.

दुकानांवरील पाट्यांची गोष्ट लहान, पण बोलकी. त्यांवर अरबी अक्षरे नाहीत, नुसते गिचमिड आहे. कायदा शिकलेल्या मुलाला त्यातले एक अक्षरही लागत नाही.

मूळ कथेचे मूळही येथे आठवावे. हन्ना दियाब या अलेप्पोच्या कथनकाराने १७०९ साली पॅरिसमध्ये ती आंत्वान गालाँ यांना सांगितली. तिच्यात अलादीन हा चीनमधील मुस्तफा नावाच्या शिंप्याचा मुलगा आहे. चित्रपटाची कथा आधी बगदादमध्ये घडणार होती. आखाती युद्धानंतर शहराचे नाव बदलून अग्राबा केले गेले. शहर काल्पनिक झाले, पण तेथील माणसांची रेखाटने अरबांचीच राहिली. कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या काळापासून ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ मराठीत आहेत. चित्रपटाशेजारी ठेवून वाचायला त्या उपयोगी पडतील.

महाविद्यालयाच्या वर्गात हा चित्रपट अभ्यासाला घेणे अवघड नाही. पहिली पंधरा मिनिटे आवाज बंद करून दाखवावीत आणि कोणाचे नाक कसे काढले आहे, एवढेच विद्यार्थ्यांना टिपायला सांगावे. मग तीच मिनिटे इंग्रजी आवाजासह पुन्हा दाखवून कोणते नाक कोणत्या उच्चारात बोलते, त्याची दुसरी यादी करून घ्यावी.