‘तारण’ आणि ‘विसार’

जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याला ‘तारण’ हा शब्द परिचित असतो तो कर्जाच्या व्यवहारातून. जमीन वा दागिना तारण ठेवावयाचा, आणि कर्ज थकले की त्यास मुकावयाचे. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाने हाच शब्द ‘तारणे’ या धात्वर्थाने स्वीकारला. ‘मोक्षा’शी निगडित असलेली जन्ममरणाच्या फेऱ्याची कल्पना ख्रिस्ती सिद्धान्तात बसत नाही, तेव्हा निवड योग्यच होय. परंतु व्यवहारातील अर्थ मनातून सहसा पुसला जात नाही. तारणाची खात्री ऋणकोनेच आपल्या सदाचरणाने राखावयाची, असा ग्रह होऊ शकतो, आणि विश्वास डळमळलेल्या माणसास तो जाचक ठरतो.

या ग्रहाचे निरसन पौलाच्या पत्रांतील एका शब्दाने होते. मूळ ग्रीक ‘अर्राबोन’. मराठी बायबलात ‘विसार’. मंचर वा नारायणगावच्या बाजारात विसार देतो तो विकत घेणारा, आणि माघार घेतल्यास बुडतो तो त्याचाच पैसा. पौलाच्या मते येथे देणारा देव असून पवित्र आत्मा हा विसार आहे. इतका नेमका अनुवाद क्वचितच साधतो.

तथापि मत्तयाच्या शुभवर्तमानात तारणासाठी शेवटपर्यंत ‘टिकणे’ अवश्य मानले आहे. हे क्रियापद अकर्मक. त्याचा भार माणसावर. डॉर्टच्या धर्मसभेने (१६१८-१९) जणू त्याचे प्रयोजक रूप पसंत केले: देवच निवडलेल्यांना ‘टिकवतो’. वेस्लीने पतनाची शक्यता मान्य केली. ट्रेंटच्या परिषदेने १५४७ साली विशेष प्रकटीकरणावाचून अंतिम खात्री सांगणे नाकारले. ‘मला टिकव’ या मराठी प्रार्थनेत मात्र टिकणारा माणूसच राहतो, पण क्रियेचा कर्ता देव होतो.