नभोवाणीवरील वाक्पारुष्य आणि मूळ पाठाचा प्रश्न

हैदराबाद संस्थानच्या अखेरच्या वर्षाविषयीं तीन ग्रंथ अभ्यासकांच्या नित्य हाताशीं असतात. संस्थानी खात्याचे चिटणीस व्ही. पी. मेनन यांचा ग्रंथ १९५६ सालीं निघाला. हैदराबादेंत हिंदुस्थान सरकारचे एजंट-जनरल असलेले कन्हैयालाल मुनशी यांचा १९५७ सालीं. आणि संस्थानचे अखेरचे मुख्य प्रधान मीर लायकअली यांचा कराचीहून १९६२ सालीं. तिघेही प्रत्यक्ष व्यवहारांत होते, म्हणून त्यांच्या साक्षीस मोल आहे. तिघेही पक्षकार होते, म्हणून त्या मोलांतून वटाव कापावा लागतो. हें वाचकांस विदितच आहे. प्रस्तुत लेखांत पाहावयाचें आहे तें निराळें. त्या वर्षाच्या इतिहासांत बोललेल्या शब्दाला, मग तो सभेंतला असो वा नभोवाणीवरचा, फार मोठें स्थान आहे. आणि नेमक्या त्याच शब्दाचा मूळ पाठ आपल्या हातीं नाहीं. नभोवाणीवर बोलणारांस स्वातंत्र्य किती असावें व त्यांनीं जाब कोणास द्यावा, हा वाद आज पुन्हां पुन्हां उपस्थित होतो. त्या वादांत दोन्ही पक्ष ज्या पायरीवर पाय न देतांच वर चढूं पाहतात ती पायरी हीच होय.

कासिम रझवी हा लातूरचा वकील. लातूर आमच्या अंबाजोगाईहून कांहीं फार लांब नव्हे. इत्तेहादुल मुसलमीनचा अध्यक्ष व रझाकारांचा सेनानी म्हणून त्याचें नांव झालें तें तलवारीपेक्षां जिभेनें. ३१ मार्च १९४८ रोजीं त्यानें केलेल्या भाषणाचें वृत्त एप्रिलच्या आरंभीं वृत्तपत्रांत आलें आणि दिल्लीपर्यंत गेलें. हैदराबादकडून त्याचा इन्कार झाला. पुढें दिल्लीच्या लाल किल्ल्यावर आसफजाही निशाण रोंवण्याची भाषा त्याच्या तोंडीं आली. तेंही भाषण असेंच वादांत सांपडलें. मेनन हें सर्व घडलें असें धरून चालतात. परंतु वक्ता उर्दूंत बोलणारा, वृत्तान्त आपल्यापुढें येतो तो इंग्रजींत, आणि मध्यें बातमीदार, भाषांतरकार व संपादक असे तीन हात. पोथीवर काम करणाऱ्या कोणासही हें कळेल कीं जिची मूळ प्रत नाहीं, जिची एकच शाखा उरली आहे आणि ती शाखाही परभाषेंतील आहे, अशा संहितेवरून एखाद्या शब्दाचा आग्रह धरतां येत नाहीं. रझवी निर्दोष होता असें मला मुळींच म्हणावयाचें नाहीं. त्याच्या वाणीचा परिणाम मराठवाड्यानें भोगला आहे. तरीही परिणामावरून पाठ सिद्ध होत नाहीं, हा आमच्या शास्त्राचा पहिला धडा आहे.

त्या वाणीचा निवाडा तरी झाला काय? सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला व १९५३ सालीं रझवीच्या विरुद्ध निकालांत निघालेला खटला हा बीबीनगरच्या दरोड्याचा होता. जानेवारी १९४८ मधील त्या एका खेड्यावरील हल्ल्याबद्दल त्यानें तुरुंगवास भोगला, १९५७ सालीं तो सुटला आणि पाकिस्तानांत गेला. न्यायालयापुढें प्रश्न होते ते कृत्याचे व न्यायप्रक्रियेचे. ज्या शब्दांनीं संस्थान पेटलें असें आपण सारे म्हणतों, ते शब्द त्या खटल्यांत तपासले गेलेच नाहींत. उलट बाजूस शोएबुल्लाखान यांचें उदाहरण पाहा. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाच्या या संपादकानें रझाकारांविरुद्ध लिहिलें आणि ऑगस्ट १९४८ मध्यें त्यांचा खून झाला. मारेकऱ्यांनीं त्यांचा हातही तोडला. त्यांचें लेखन छापील होतें, त्याखालीं नांव होतें. त्याचा जाब कोणासही लेखणीनें विचारतां आला असता. भडकावणारा शब्द हवेंत विरला आणि त्याला विरोध करणारा शब्द मात्र कागदावर सांपडला, म्हणून त्याच्या धन्याला गांठतां आलें, असा हा विपरीत प्रकार आहे.

याची किंमत कोणीं दिली हें सांगणें अप्रिय असलें तरी इतिहासाच्या पत्रांत तें टाळतां येत नाहीं. रझाकारांचे अत्याचार आमच्या गांवोगांवच्या वृद्धांनीं सांगितले आहेत. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर सूड उगवला गेला तो मात्र पुष्कळदां अशा शेजाऱ्यांवर, ज्यांनीं रझवीला कधीं पाहिलेंही नव्हतें. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनें त्याच वर्षाच्या नोव्हेंबर-डिसेंबरांत दौरा केला. त्यांच्या अहवालांत औरंगाबाद, बीड, नळगोंडा व मेदक या चार जिल्ह्यांत मिळून निदान ५ हजार माणसें मेलीं असा अंदाज आहे. हा अहवाल सरकारनें त्या वेळीं प्रसिद्ध केला नाहीं. अभ्यासकांस तो उघडपणें पाहावयास मिळेपर्यंत कित्येक दशकें लोटलीं. म्हणजे शब्दही दप्तरीं नाहीं व त्याचें फलही दप्तराबाहेर नाहीं, अशा अवस्थेंत आमच्या जिल्ह्याच्या दोन पिढ्या केवळ ऐकीव गोष्टींवर एकमेकांविषयीं मत बनवीत राहिल्या.

आतां प्रत्यक्ष नभोवाणीकडे वळूं. हैदराबादचें डेक्कन रेडिओ हें केंद्र निजाम सरकारच्या हातीं होतें. १ एप्रिल १९५० रोजीं तें ऑल इंडिया रेडिओकडे आलें. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामानें शरणागति जाहीर केली ती याच केंद्रावरून. २३ सप्टेंबरला तो पुन्हां बोलला. आदल्या नोव्हेंबरांत रझवीच्या टोळक्यानें आपल्या मुख्य प्रधानास घेरून राजीनामा द्यावयास लावला, लायकअलींचें मंत्रिमंडळ आपल्या माथीं मारलें व हिटलरच्या जर्मनीची आठवण व्हावी अशा रीतीनें राज्य बळकावलें, असा त्या भाषणाचा आशय आहे. हें भाषण इतिहासकार सर्रास प्रमाण म्हणून उद्धृत करतात. परंतु त्या दिवशीं संस्थानांत मेजर जनरल चौधरी यांचा लष्करी अंमल सुरू होऊन पांच दिवस झाले होते. वक्ता निजाम होता, कर्ता कोण? हस्तलिखिताच्या पुष्पिकेंत ग्रंथकार व लेखनिक हे वेगळे नोंदलेले असतात, आणि तो भेद आपण डोळ्यांत तेल घालून पाहतों. नभोवाणीवरील भाषणाला पुष्पिका नसते. म्हणून त्यांतील कबुलीस खरी म्हणण्यापूर्वीं मसुदा कोणाचा व बोलणारा कितपत मोकळा होता हें पाहिलें पाहिजे. आणि हीच कसोटी रझवीच्या भाषणांस लावण्यास आपण तयार असलें पाहिजे.

या विषयाचा विचार आमच्या धर्मशास्त्रकारांनीं केलेला आहे. विज्ञानेश्वरानें मिताक्षरा रचली ती कल्याणींस, चालुक्य विक्रमादित्य सहावा याच्या कारकीर्दींत. आजचें बसवकल्याण तें हेंच, आणि तेंही पुढें निजामाच्याच मुलखांत मोडत असे. याज्ञवल्क्याच्या व्यवहाराध्यायांत वाक्पारुष्याचें स्वतंत्र प्रकरण आहे. एखाद्याच्या व्यंगावर बोट ठेवणारें बोलणें खरें असो, खोटें असो वा उपरोधिक स्तुतीचें असो, त्यास साडेबारा पण दंड सांगितला आहे. निंदेची प्रतवारीही आहे: राजा, देव व वेदवेत्ते यांची निंदा सर्वांत जड, जाति व समूह यांची मध्यम, गांव व देश यांची त्याहून हलकी. ही प्रतवारी आज जशीच्या तशी चालणार नाहीं. लोकसत्ताक राज्यांत राजाची निंदा हाच सर्वांत मोकळा प्रांत असला पाहिजे, आणि समूहाची निंदा करणाऱ्यावर नजर अधिक कडक असली पाहिजे. हा उलटफेर मला योग्य वाटतो. परंतु त्याच अध्यायांतील प्रमाणविचार मात्र अजून तसाच ताजा आहे. लिखित, भुक्ति व साक्षी हीं तीन मानुष प्रमाणें, आणि तीं नसतील तरच दिव्य. आमच्या गोतसभांनीं हीच रीत पाळली. वादी-प्रतिवादी यांच्या तकरीरी आधीं लिहून घ्यावयाच्या, जामीन घ्यावयाचे, आणि निवाडपत्रांत दोन्ही तकरीरी प्रथम उतरून मग निकाल सांगावयाचा. कोण काय बोलला हें ठरल्यावांचून त्याची बरीवाईट चर्चा होत नसे. आजच्या वादांत आपण थेट दिव्यावर जातों. ज्याच्या बाजूचा गलबला मोठा तो शुद्ध.

मूळ पाठ असला म्हणजे काय होतें याचें उदाहरण मुंबईंत आहे. ऑगस्ट १९४२ पासून १२ नोव्हेंबर १९४२ पर्यंत उषा मेहता व त्यांचे सहकारी यांनीं काँग्रेस रेडिओ गुप्तपणें चालविला. पोलीस तो ऐकत होते व उतरून घेत होते. खटला झाला, उषाबाईंस ४ वर्षांची शिक्षा झाली. शिक्षा अन्यायाची होती यांत शंका नाहीं; पण ती त्यांच्या ध्वनिक्षेपणाबद्दलच होती, आणि आरोप कशाचा हें दोन्ही पक्षांस ठाऊक होतें. त्या वाणीचा पाठ पोलिसी कागदांत उरला म्हणूनच तिची पारख आज आपल्याला करतां येते. शत्रूच्या दप्तरानें उपकार केले, असें अनेक मराठी घराण्यांच्या कागदांविषयींही आपण म्हणत आलोंच आहों.

अलीकडचें एक प्रकरण याच्या उलट आहे. जुलै २०१७ मध्यें मुंबईच्या रेड एफएम केंद्रावरील निवेदिका मलिष्का यांनीं रस्त्यांतील खड्डे व तुंबणारें पाणी यांवरून महानगरपालिकेची थट्टा करणारें विडंबनगीत केलें. शिवसेनेच्या नगरसेवकांनीं ५०० कोटी रुपयांच्या अब्रुनुकसानीचा दावा लावण्याची मागणी केली. पाठोपाठ पालिकेच्या माणसांनीं त्यांच्या घराची तपासणी केली आणि डासांच्या अळ्या सांपडल्या म्हणून नोटीस दिली. अळ्या असतीलही, पावसाळ्यांत मुंबईंत त्या कोठें नसतात? गीत सर्वांपुढें होतें, त्यांतील एकेक आरोप खोडतां आला असता, निदान खड्डे मोजतां आले असते. तें न करतां शब्दाचा हिशेब कुंडींतल्या पाण्याशीं मांडण्यांत आला. विडंबन मला स्वतःला फारसें रुचत नाहीं, आणि एफएम निवेदकांची मराठी ऐकून तर जुन्या शिक्षकाच्या अंगावर कांटा येतो. पण रुचि वेगळी व न्याय वेगळा. रझवीच्या खटल्याशीं या क्षुल्लक प्रकरणाची तुलना करण्याचें धाडस मी करतों तें एकाच कारणासाठीं: दोन्हींकडे बोलण्याचा जाब बोलण्यापुरता विचारलाच गेला नाहीं. तेथें पाठ नव्हता म्हणून. येथें पाठ असून तो वाचावयाचा नव्हता म्हणून.

पाठ टिकविण्याची आजची तजवीज पाहिली तर मन उदास होतें. केंद्र सरकारच्या २००६ सालच्या सामुदायिक रेडिओच्या धोरणांत प्रसारित कार्यक्रमांचें मुद्रण तीन महिने जपावें असें सांगितलें आहे. मुदतीच्या १९६३ सालच्या कायद्याप्रमाणें अब्रुनुकसानीचा दिवाणी दावा एक वर्षापर्यंत लावतां येतो. म्हणजे दाव्याचा हक्क जिवंत असतां पुरावा मात्र नऊ महिने आधींच नाहींसा होऊं शकतो. यांत जसा फिर्यादी नागवला जातो तसाच, आणि माझ्या मतें अधिकच, निवेदकही नागवला जातो. कारण आपण असें बोललोंच नव्हतों हें त्यानें दाखवावें कशानें? दासोपंतांची पासोडी सोळाव्या शतकापासून अंबाजोगाईंत टिकली, सुमारे ४० फूट कापड. यंत्राच्या युगांतील शब्दाला तीन महिनेच आयुष्य असावें यास कारण साधनांचा तुटवडा खास नव्हे. ऑल इंडिया रेडिओनें गांधीजींचीं दिल्लींतील प्रार्थनेनंतरचीं भाषणें मुद्रित करून जपलीं, तीं याच १९४७-४८ च्या काळांतलीं. जपावयाचें ठरविलें म्हणजे जपतां येतें.

संग्राहकांस एक विनंति. बीड, केज, आष्टी, परळी, गेवराई या भागांतील जुन्या घरांतून १९४७-४८ च्या उर्दू व मराठी वृत्तपत्रांचे गठ्ठे, वकिलांच्या टिपणवह्या, शिक्षकांच्या रोजनिश्या अजून असण्याचा संभव आहे. त्यांत रझवीच्या सभांचीं किंवा डेक्कन रेडिओवरील भाषणांचीं टिपणें आढळल्यास त्यांच्या नकला घ्याव्यात. नक्कल मूळ भाषेंत, मूळ लिपीच्या छायाचित्रासह असावी. टिपणाची तारीख, टिपणारानें तें स्वतः ऐकलें कीं दुसऱ्याकडून, ऐकतांच लिहिलें कीं मागाहून, आणि पुढें कोणत्या शाईनें वा हातानें दुरुस्ती झाली, इतकें तरी नोंदावें. रझवीचा इन्कार छापणारें पत्र मिळाल्यास तेंही त्याच दप्तरांत, त्याच्या भाषणाच्या वृत्ताशेजारीं ठेवावें.